मायक्रोबिट : मुलींच्या हातात द्यायला पहिला बोर्ड

आधी निकाल सांगते, मग कारणं. सहावी ते आठवीच्या मुलींना कोडिंगची गोडी लावायची असेल आणि हाताशी थोडे पैसे असतील, तर बीबीसी मायक्रोबिट हा प्रोग्राम टाकता येणारा छोटा संगणक-बोर्ड घ्या. मोठा किट घेऊ नका, नुसते बोर्ड घ्या. आणि एका बोर्डाला दोनपेक्षा जास्त मुली ठेवू नका. किंमत, आवृत्ती, केबल हे सगळं पुढे सांगतेच, पण माझा खरा आग्रह या शेवटच्या गोष्टीचा आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्राच्या योजनेतली हाताने वस्तू बनवायची प्रयोगशाळा, नाही. ज्या शाळांना ती मिळाली त्यांना केंद्राकडून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, थ्रीडी प्रिंटरपासून सगळं येतं. आमच्याकडे जुना संगणक कक्ष आहे आणि माजी विद्यार्थिनींनी गोळा करून दिलेली देणगी होती. त्यातून दहा बोर्ड घेतले. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटल्यावर सातवी-आठवीच्या वीस मुली थांबतात. बऱ्याच जणी वाड्यावस्त्यांवरून अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर एसटीने येतात, त्यामुळे आमची वेळ एसटीच्या वेळेवर ठरते. दुपारची गाडी चुकली की पुढची थेट संध्याकाळी. एवढ्या अपुऱ्या वेळात काहीतरी चालताना दिसलं पाहिजे, ही अट बोर्ड निवडताना माझ्या डोक्यात सगळ्यात वर होती.

आता वस्तू काय आहे ते. साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद असा हा उघडा सर्किट बोर्ड. पुढच्या बाजूला पाच ओळींत पाच असे २५ लाल एलईडी, डावीकडे ए आणि उजवीकडे बी अशी दोन बटणं. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या आणि त्यात पाच मोठी भोकं : शून्य, एक आणि दोन या नंबरांची तीन, चौथं तीन व्होल्ट देणारं आणि पाचवं ग्राउंडचं, म्हणजे वीज परत येण्याचं. हलवलं, वाकवलं की कळणारा सेन्सर, होकायंत्र, तापमान आणि रेडिओ हे सगळं बोर्डावरच बसवलेलं. २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर, माइक आणि बोट लावलं की ओळखणारा सोनेरी लोगो यांची भर पडली. बीबीसीने २०१५ साली हा प्रकल्प जाहीर केला आणि २०१६ पासून ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलामुलींना हे बोर्ड फुकट वाटले. वाटपानंतर तिथे पाहणी झाली. पुढे संगणकशास्त्र हा विषय नक्की घेणार, असं म्हणणाऱ्या मुलींचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेल्याचं त्यात दिसलं. ब्रिटनची शाळा वेगळी, आमची वेगळी, तरी हा आकडा वाचूनच मी मायक्रोबिटकडे वळले.

सुरुवात अगदी सोपी. संगणकावर ब्राउझरमध्ये मेककोड हे प्रोग्राम रचायचं संकेतस्थळ उघडायचं. ते मायक्रोसॉफ्टचं आहे आणि फुकट आहे. रंगीत ठोकळे ओढून एकमेकांत अडकवायचे. डाव्या बाजूला बोर्डाचं चित्र असतं, आपण रचलेलं तिथे लगेच चालून दिसतं. मग यूएसबी केबलने बोर्ड जोडायचा. तो पेन ड्राइव्हसारखा दिसतो, त्यात आपल्या प्रोग्रामची हेक्स फाइल टाकायची आणि झालं. बोर्डावर अक्षरं सरकायला लागतात. आर्डुइनो हा दुसरा बोर्डही चांगला आहे, नववी-दहावीत मी तोच वापरीन. पण तिथे पहिल्या दिवशी ब्रेडबोर्ड (तारा खोचायची भोकांची पट्टी), रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग), एलईडीचा लांब पाय कुठला आणि आखूड कुठला, यातच तास जातो आणि वर इंग्रजीत टाइप करायचं, स्वल्पविराम चुकला की सगळं अडलं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला वेगळा पडदा आणि कीबोर्ड लागतो. मायक्रोबिटवर पहिल्या अर्ध्या तासात मुलगी स्वतःचं नाव झळकवते. ते नाव रोमन लिपीत येतं. पंचवीस ठिपक्यांत देवनागरी अक्षर बसवणं अवघड आहे, जोडाक्षराचा तर प्रश्नच नाही. काही मुलींनी वहीत चौकटी आखून आपापल्या आद्याक्षराचा प्रयत्न केला. ‘ग’ आणि ‘र’ ओळखू येतात, ‘क्ष’ येत नाही.

पण त्या चौकटींतूनच पहिला खरा प्रकल्प निघाला. पाच बाय पाच ठिपके बघून एका मुलीने सहज म्हटलं, “बाई, ही तर ठिपक्यांची रांगोळी.” मी त्या दिवशीचा ठरवलेला पाठ बाजूला ठेवला. प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे असतात, आडवा आणि उभा, दोन्ही शून्य ते चार. वरचा डावा कोपरा शून्य-शून्य. गणिताच्या आलेखात वर गेलं की आकडा वाढतो, इथे खाली गेलं की वाढतो. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा वर्गात चांगलाच वाद झाला. मग मी विचारलं, रांगोळीत एका कोपऱ्यात ठिपका दिला की बाकी तीन कोपऱ्यांत तुम्ही काय करता? तसाच देतो. मग ते बोर्डाला आकड्यांत कसं सांगायचं? बराच वेळ शांतता, मग कागदावर खाडाखोड, आणि दोघी-तिघींनी जवळजवळ एकदमच सांगितलं : चारातून वजा करायचं. एक-शून्यचा जोडीदार तीन-शून्य, दुसरा एक-चार, तिसरा तीन-चार. चार ठोकळे रचले आणि एक ठिपका दिला की चार उजळायला लागले. मधला ठिपका दोन-दोन दिला तर एकच का उजळतो, हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला. उत्तर त्यांनीच शोधलं. सममिती हा शब्द त्यांनी पुस्तकात आधीच वाचलेला होता, पण चारातून वजा करायची ती वजाबाकी त्यांची स्वतःची होती.

याच मुली विज्ञानाच्या तासाला मुलांबरोबर एका गटात असतात तेव्हाचं चित्र मी वर्षानुवर्षं पाहते आहे. टेस्ट ट्यूब मुलगा धरतो, बॅटरीच्या तारा मुलगा जोडतो, आणि मुलगी सुंदर अक्षरात निरीक्षणं लिहिते, आकृती काढते, तिला शाबासकी अक्षराची मिळते. कोणी तिला हाताने करू नको असं म्हणत नाही, पण चार जणांत उपकरण एकच असलं की ते ज्याच्या हातात पहिल्यांदा जातं त्याच्याकडेच राहतं. म्हणून आमचा शनिवारचा वर्ग फक्त मुलींचा आहे. मुलींचाच वर्ग असला तरी चौघींत एक बोर्ड दिला तर त्यातली एक चुणचुणीत मुलगी सगळं करते आणि तिघी बघतात. दोघींत एक बोर्ड असला की पळवाट उरत नाही. शिवाय माउस कोणाकडे हे ठरवायला आम्ही घड्याळ लावतो. दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, जिच्याकडे माउस नाही तिने बोर्ड आणि तारा सांभाळायच्या. हा नियम मी अगदी कडक पाळते. आपल्या मुलीला शिबिराला घालणार असाल, तर तिथे किती मुलांमागे एक बोर्ड आहे ते आधी विचारा. भिंतीवरच्या चकचकीत फलकापेक्षा त्या उत्तरावरून जास्त कळेल.

आता पाण्याच्या टाकीबद्दल सविस्तर सांगते, कारण मायक्रोबिट काय करू शकतो आणि कुठे अडवतो हे दोन्ही तिथे दिसलं.

आठवीतली एक मुलगी. घरी नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. खालच्या हौदातून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकी भरली की मोटर बंद करायची. टाकी भरली का ते बघायला गच्चीवर उभं राहायचं काम तिचं. तिने विचारलं, “बाई, हे आमच्या टाकीला लावता येईल का?”

तत्त्व सोपं आहे. पाण्यातून थोडी वीज जाते, हवेतून जात नाही. टाकीच्या वरच्या कडेला दोन तारा जवळजवळ लोंबकळत ठेवायच्या. पाणी तिथपर्यंत आलं की दोन्ही तारा पाण्याने जोडल्या जातात. एका तारेला बोर्डाने तीन व्होल्ट द्यायचे आणि दुसरीवर किती येतात ते शून्य नंबरच्या भोकातून वाचायचं. मेककोडमध्ये हा आकडा ० ते १०२३ मध्ये येतो. मुलींचा अंदाज होता की तार कोरडी असेल तेव्हा शून्य येईल. आला नाही. आकडा भटकत राहिला, तारेजवळ हात नेला तरी बदलायचा. कशालाच न जोडलेलं टोक हवेतला सगळा गोंगाट पकडतं, हे पुस्तकात वाचून कळण्यासारखं नाही. शून्याचं भोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि आकडा शून्यावर येऊन बसला. पुढच्या इयत्तेतला ओहमचा नियम आठवीतल्या मुलीला असा समोर दिसला. मग तारा बादलीत बुडवल्या, आकडा काहीशेच्या घरात गेला. कोरडा आणि ओला या दोन्हींच्या मधला एक आकडा तिने स्वतः निवडून मर्यादा ठरवली.

दुसरी अडचण काही दिवसांनी कळली. तांब्याची एक तार काळवंडली, तिच्यावर हिरवट थर आला. पाण्यातून सतत वीज जात राहिली की असं होतं. वापरायच्या पाण्यात तांबं उतरणंही बरं नाही. उपाय दोन झाले. तारांच्या टोकांना घरातले दोन जुने स्टीलचे चमचे बांधले. आणि वीज सतत न देता एक नंबरच्या भोकातून फक्त वाचण्यापुरती द्यायची, वाचून झालं की बंद, मग दहा सेकंद थांबायचं, असं ठोकळ्यांत लिहिलं. एवढी एक ओळ आधी सुचत नाही, पण तारांचं काय होतं ते रोज बघणाऱ्या मुलीला सुचते.

तिसरा भाग रेडिओचा. एक बोर्ड गच्चीवर प्लास्टिकच्या डब्यात, दुसरा खाली स्वयंपाकघरात ओट्याशेजारी. वरचा बोर्ड नुसता एक आकडा पाठवतो, खालचा वाजतो. इथे दुसऱ्या आवृत्तीतला स्पीकर कामी आला, पहिल्या आवृत्तीला वेगळा बझर जोडावा लागला असता. मोकळ्या मैदानात रेडिओ लांबवर पोचतो, पण मध्ये स्लॅब आणि भिंती आल्या की पल्ला खूपच कमी होतो. रेडिओची ताकद ० ते ७ अशी ठरवता येते. काही न सांगितलं तर ती ६ असते, तिने ती ७ केली आणि डबा टाकीच्या जिन्याकडच्या बाजूला सरकवला, तेव्हा जमलं.

एक गोष्ट मी तिला आणि तिच्या वडिलांना निक्षून सांगितली : बोर्ड फक्त वाजणार, मोटरचं बटण माणूसच दाबणार. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेजवळ हा बोर्ड कधीही न्यायचा नाही. इंटरनेटवर रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारं बटण) लावून मोटर आपोआप बंद करणारे प्रकल्प दिसतात. शाळेतल्या मुलीने ते करू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

बाकी प्रकल्प थोडक्यात. दोरीवरच्या उड्या मोजायचं यंत्र सगळ्यांना आवडलं, पण हाताच्या प्रत्येक हिसक्याला आकडा वाढतो, त्यामुळे बोर्ड हातात न धरता कमरेला बांधावा लागतो. रेडिओवरून निरोप पाठवताना सगळ्या गटांनी ग्रुप नंबर एकच ठेवला तर सगळ्यांचे निरोप सगळ्यांना जातात, तो गोंधळ एकदा मुद्दाम होऊ द्या. तापमान मोजताना लक्षात ठेवा की बोर्ड स्वतःच्या चिपचं तापमान सांगतो, खोलीचं नाही, म्हणून तो आकडा थोडा जास्त येतो. आमच्या मुलींनी प्रयोगशाळेतला तापमापी शेजारी ठेवून किती वजा करायचं ते काढलं. होकायंत्र वापरण्याआधी बोर्ड सगळ्या बाजूंना कलवून पंचवीसही ठिपके भरावे लागतात, आणि लोखंडी बाकावर ठेवून दिशा बरोबर मिळत नाही.

आता खरेदीचं. बोर्डाची किंमत दुकानागणिक बदलते, आम्हाला एक बोर्ड दोन हजारांच्या आतबाहेर पडला. दुसरीच आवृत्ती घ्या. ओळखायची खूण म्हणजे पुढच्या बाजूचा सोनेरी लोगो आणि मागचा स्पीकर. त्याच्या बरोबर प्रत्येक जोडीला चार-पाच क्रोकोडाइल क्लिपच्या, म्हणजे टोकाला चिमटा असलेल्या, तारा, रिमोटमध्ये असतात तसे बारीक ट्रिपल ए सेल बसणारा डबा आणि एक मायक्रो यूएसबी केबल. केबल डेटा नेणारी हवी. मोबाइलच्या जुन्या चार्जरबरोबरच्या काही केबल नुसतं चार्जिंग करतात, त्या लावल्या की बोर्डाचा दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. सेलचा डबा शक्यतो बटणाचा घ्या, नाहीतर दर वेळी वायर ओढून काढावी लागते आणि बोर्डावरची ती छोटी पांढरी जोडणी सैल होते. बोर्डाला कवच नसतं. आम्ही जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची पाकिटं शिवली आहेत, नाण्यांनी किंवा पिनांनी मागची बाजू जोडली जाऊ नये एवढंच बघायचं.

मोठे किट का नको म्हणते? एका विक्रेत्याने आम्हाला पन्नास सेन्सरांची पेटी दाखवली होती. वर रंगीत पुस्तिका, प्रत्येक पानावर एक तयार प्रकल्प. पुस्तिकेत बघून तारा जोडल्या की गाडी चालते आणि मुलगी टाळ्या वाजवते, पण तिने ठरवलेलं त्यात काहीच नसतं. फोनवर जाहिराती येतात त्या महागड्या ऑनलाइन कोडिंग क्लासबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. मुलीच्या घरातली अडचण आधी आणि सेन्सर नंतर, हा क्रम पाळला तर बोर्ड, दोन तारा आणि दोन चमचे पुष्कळ झाले.

आणि पैसेच नसतील तर? तरी सुरुवात करा. मेककोडमधला पडद्यावरचा बोर्ड पूर्ण फुकट आहे. बटणं, ठिपके, हलवणं, तापमान, रेडिओसुद्धा त्यात करून बघता येतं. विंडोजसाठी इंटरनेटशिवाय चालणारं ॲपही आहे. आमच्याकडे नेट दुपारी जातं, म्हणून आम्ही तेच वापरतो. घरात संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवरचं मायक्रोबिट ॲप ब्लूटूथने बोर्डात प्रोग्राम टाकतं. छोट्या पडद्यावर ठोकळे ओढताना चिडचिड होते, पण होतं. ठोकळ्यांची भाषा मी इंग्रजीच ठेवली आहे. शब्द थोडे आहेत, रोज तेच तेच येतात, आणि पुढे मुली त्याच पडद्यावर पायथन ही टाइप करून लिहायची भाषा उघडून बघतात तेव्हा ओळखीचे वाटतात. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येक ठोकळ्याचा अर्थ मराठीत फळ्यावर लिहा.

पालकांकडून एक प्रश्न नेहमी येतो : याचे मार्क मिळतात का? शाळेच्या परीक्षेत मिळत नाहीत. पण केंद्राच्या इन्स्पायर अवॉर्ड मानक योजनेत शाळेतल्या मुलामुलींच्या कल्पना मागवतात आणि निवड झालेल्या कल्पनेला मॉडेल करण्यासाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहेच. टाकीचा प्रकल्प यंदा आम्ही दोन्हींकडे पाठवतो आहोत, आणि अर्ज त्या मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिला आहे.

शाळेसाठी घेणार असाल तर आधी फक्त दोन बोर्ड घ्या आणि चार मुलींपासून सुरू करा. त्यांना जमलं की पुढच्या वीस जणींना त्याच शिकवतील, आमच्याकडे सातवीच्या मुलींना आता आठवीच्याच शिकवतात. घरासाठी घेणार असाल तर एक बोर्ड मुलीला आणि एक तिच्या मैत्रिणीला असे दोन घ्या, कारण रेडिओला दुसरा बोर्ड लागतोच. आणि पहिला महिनाभर तिच्या हातातून माउस घेऊ नका.